मानेला हात लावण्याआधी

तुमच्या आईची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि ती तशीच पुढे चालत राहते, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? पाहिलं असेल, तर तेव्हा तुम्ही काय केलंत? हसलात? "आई, लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणालात? की दुसऱ्या दिवशी नवी चप्पल आणून दिलीत आणि कर्तव्य संपलं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पनवेलमध्ये काम करते. या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, "कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं असू द्या." गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की राग येतो, आणि तो गिळून लिहिणं मला जमत नाही. माझ्या वडिलांनी जमिनीच्या लढ्यात उभं आयुष्य पत्रकं वाटली. त्यांचा नियम होता: एक पत्रक, एक मागणी, आणि मागणी अशी हवी की वाचणाऱ्याला त्याच दिवशी ती पुरी करता यावी. शेवटी मीही तुमच्याकडे एक मागणी करणार आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको.

आमचं काम म्हणजे शेक देणं आणि मशीन लावणं, अशी लोकांची समजूत असते. "जरा पाठ दाबून द्या," म्हणत येणारेही असतात, जणू मी मालिशवाली आहे. खरं तर आमचं निम्मं काम बघण्याचं असतं. माणूस दारातून आत कसा येतो, खुर्चीतून उठताना कशाचा आधार घेतो, शर्टाचं बटण लावताना बोटांकडे बघावं लागतं का. दुखतंय कुठे हे पेशंट सांगतो. बिघडलंय कुठे हे पुष्कळदा त्याची चाल सांगते. त्यासाठी फार हुशारी लागत नाही. पेशंटला वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तोच कोणी देत नाही.

माझा पहिला राग "वात" या शब्दावर आहे. गुडघा झिजला, वात. बोटं सुजली, वात. पाय बधिर झाला, तरी वातच. एकदा हा शब्द उच्चारला की घरच्यांची चौकशी संपते आणि औषधाच्या दुकानातली गोळी सुरू होते. अहो, वयानं सांधा झिजतो तो आजार वेगळा. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच उलटून स्वतःच्या सांध्यांवर चालून येते तो आमवात वेगळा. हा दुसरा आजार आणि त्याची भावंडं फक्त सांध्यांत थांबत नाहीत. मनगट सुजलं की तिथून जाणारी नस चेपते आणि हाताला मुंग्या येतात. कधी नसेला रक्त पोहोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याच सुजून बंद होतात. मिठागरात खाडीचं पाणी आणणारा पाट बुजला की पुढचा वाफा कोरडा पडतो, तशी ती नस कोरडी पडते. कधी हल्ला थेट मेंदूवर होतो. आणि कधी मानेवर. मानेचं मी शेवटी सांगते, कारण या लेखाचा जीव तिथे अडकला आहे.

शिरढोणचा एक रिक्षावाला होता. बोटांचे सांधे वर्षानुवर्षं सुजलेले, गोळ्या दुकानातून घ्यायचा. एके दिवशी उठला तर उजवं पाऊल वर उचलेना. रिक्षाच्या ब्रेकवरून पाय घसरायला लागला. घरच्यांनी निकाल दिला: मणका सरकला. मग कमरेला पट्टा, कमरेत इंजेक्शनं, कमरेला शेक. कंबर बिचारी ठणठणीत होती! पायाच्या नसेचं रक्त बंद झालं होतं आणि ते सुजलेल्या बोटांच्याच आजारानं झालं होतं. पण बोटं आणि पाऊल यांचा संबंध जोडायला कोणी तयार नव्हतं. आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, कंबर इतकी शेकली की आता तिच्यावर पापलेट भाजता येईल." मी हसले. मग त्याच्या पायाची पोटरी बघितली, ती सुकून गेली होती. वेळेवर उपचार झाले असते तर पाऊल वाचण्याची आशा होती. आता तो पावलाला आधार देणारी पट्टी लावून चालतो आणि त्याची रिक्षा भाऊ चालवतो.

खारघरच्या एका कॉलेजच्या मुलीची तऱ्हा वेगळी. सांधे दुखायचे, गालांवर लाली यायची, केस गळायचे. मग वाचलेलं लक्षात राहीना. तेच पान पुन्हा पुन्हा वाचायची. आईनं ओळखलं, पोरगी प्रेमात पडली. बाबांनी फोन जप्त केला. गालांच्या लालीसाठी क्रीम आणलं. शेवटी वर्गातच तिला फिट आली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या आणि ल्यूपस सापडला. ल्यूपस म्हणजे आमवाताचंच भावंड, पण याची धाव मेंदूपर्यंत जाते. हॉस्पिटलमधून सुटल्यावर ती माझ्याकडे व्यायामाला यायची. मला म्हणाली, "ताई, आजार सापडला, पण फोन अजून जप्तच आहे." मी तिच्या बाबांना तिथेच विचारलं, "आता कोणत्या गुन्ह्यासाठी?" ते माझ्यावर चिडले. चिडू देत. फोन मात्र परत मिळाला.

आता हिरामावशी.

हिरामावशी उरणकडच्या मच्छीमार घरातली, पनवेलच्या मासळी बाजारात बसणारी. माझी आई मी जन्मायच्या आधीपासून तिच्याकडून मासळी घेते. मावशीची बोटं मुठीपाशी वाकून एका बाजूला गेलेली. "सगळी उरणकडं तोंड करून बसलीत," ती म्हणायची, "घरची ओढ हाय त्यांना." हा आमवात होता, जुना आणि उपचाराविना राहिलेला. तिला तो ठाऊक होता तो फक्त वात म्हणून.

ती एकदा मी काम करायचे त्या क्लिनिकमध्ये आली. "बाय, माजा हात बघ गो. कोलंबी सोलते, तर बोटात साल हाय का कोलंबी, कायच कळत नाय."

मी तिच्या हाताकडे बघायच्या आधी पायाकडे बघत होते. एकाच पायात चप्पल होती.

"मावशी, दुसरी चप्पल कुठंय?"

"हायत की दोन्ही."

मग तिनं खाली बघितलं. "अगो बाय!" चप्पल खाली जिन्यात पडली होती. मी जाऊन आणली. ती म्हणाली, "चप्पल पन म्हातारी झाली गो, जिना चढाया मागत नाय."

मला हसू आलं नाही. चप्पल निसटणं आणि ते न कळणं, ही नसांची तक्रार असते. मी तिच्या तळपायावरून बोथट काडी फिरवली. मोठ्या माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. तिचा वर गेला. याचा अर्थ बिघाड पायात नव्हता. तो वर कुठेतरी, मेंदूत किंवा मज्जारज्जूत होता. मी विचारलं, मान दुखते का?

"दुखते त. डोक्याच्या मागं. आन् वजन करताना खाली वाकलं की पाठीतून करंट जातो. पन त्याला काय, बाजार उठला की मी न सखू येकमेकींची मान ओढून घेतो. जरा बरं वाटतं."

सखू म्हणजे तिच्या शेजारी बसणारी मासळीवाली. डोक्यावरून जड टोपल्या वाहणाऱ्या या बायकांची ही जुनी रीत. बाजार उठला की एकीनं मागे बसायचं, दुसरीची हनुवटी आणि डोकं धरायचं, मान वर ओढायची आणि हलका झटका द्यायचा. घरी कोणी त्यांचे पाय दाबत नाही, म्हणून त्या एकमेकींची मान काढतात. या रीतीत जिव्हाळा आहे. धडधाकट मानेला ती कदाचित सोसतही असेल. पण मावशीची मान धडधाकट नव्हती.

सोपं करून सांगते. मानेचं सगळ्यात वरचं हाड कड्यासारखं असतं. त्याच्या खालच्या हाडाला एक खुंटी असते, ती या कड्यात वर आलेली असते. खुंटीला जागेवर बांधून ठेवणारा एक पट्टा असतो आणि त्याच्या लगेच मागून मज्जारज्जू खाली जातो, म्हणजे हातापायांच्या सगळ्या नसांचा मुख्य दोर. आमवात बरीच वर्षं मोकाट राहिला तर तो पट्टा कुरतडला जातो. मग मान वाकवली की खुंटी मागे सरकून मज्जारज्जूवर टेकते. अशा मानेला झटका देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला हवं का? हातपाय जाऊ शकतात. श्वास बंद पडू शकतो.

मी तिच्या गळ्यात मान स्थिर ठेवणारा पट्टा बांधला आणि म्हटलं, "सखूला सांगा, आजपासून मानेला हात नाही." मग क्लिनिकच्या मालकांकडे, म्हणजे आमच्या सरांकडे गेले. मानेचा एक्स-रे हवा, खारघरला सांधेविकाराच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आजच पाठवायला हवं.

सर मोबाइलमधून मान न काढता म्हणाले, "मुंग्या येतात म्हणजे शुगर असेल. आणि पेशंट एकदा खारघरला गेला की परत येतो का? रविवारी शिबिर आहे. तिथे आण."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. तिची मान तुटते का हा प्रश्न नव्हता. ती परत येते का, हा होता.

मी मावशीच्या मुलाला, किरणला, फोन केला. त्याचे पाण्याचे टँकर आहेत, उलव्याच्या बांधकामांवर चालतात. म्हणाला, "मॅडम, रविवारी मोठे डॉक्टर येनार हायत शिबिराला. आयेचं नाव पयलं लिवलंय. तिथंच दाखवू, टेन्शन घेऊ नका."

ते शिबिर! एका नेत्याचा वाढदिवस, मंगल कार्यालय, दारावर दोन मजली फलक, प्रत्येकाला वडापाव आणि फलकावर "सांधेदुखीपासून कायमची मुक्ती". मोठे डॉक्टर म्हणून आलेला माणूस डॉक्टर नव्हताच. तो मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे प्रसिद्ध होता. तुम्हीही ते व्हिडिओ पाहिले असतील. माणसाच्या मानेजवळ माइक लावायचा, मान फिरवायची, "कट्" असा आवाज, आणि पेशंट हसत उठतो. लाखो लोक बघतात. मोडणारी वस्तू बघायला माणसाला आवडतं, हे मी समजू शकते. पण ती वस्तू म्हणजे तुमच्या आईची मान आहे, हो!

स्टेजवर एक टेबल, वर दिवे, समोर कॅमेरा. आमचं क्लिनिकही शिबिरात सामील होतं, आणि माझं काम म्हणजे पेशंटना टेबलापर्यंत नेणं. एक्स-रे कोणाचाच बघितला जात नव्हता. आजार कोणता, हेही कोणी विचारत नव्हतं. "कट्" झालं की समोरच्या बायका टाळ्या वाजवायच्या.

मावशी पहिल्या रांगेत बसली होती, नवीन लुगडं, केसात अबोली. गळ्यात पट्टा नव्हता. मी किरणकडे बघितलं, तर तो म्हणाला, "फोटोत बरं दिसत नाय म्हनून काढला." तिचं नाव पुकारलं गेलं. किरणनं तिला हाताला धरून स्टेजवर चढवलं.

मी टेबलापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "हिला नाही."

त्या माणसाला वाटलं मी काहीतरी विसरले असेन. "मॅडम, बाजूला व्हा, लाइव्ह चालू आहे."

"लाइव्ह आहे म्हणूनच. आधी मानेचा एक्स-रे दाखवा. हिला आमवात आहे."

"अहो, वातावरच तर उपाय आहे हा," तो माइकमध्ये म्हणाला, आणि लोक हसले.

सर खालून हातवारे करत होते. किरण लाल झाला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, चार माणसांत आमची इज्जत काढू नका. आयेला बसू द्या."

मावशी आम्हा दोघांकडे टुकूटुकू बघत होती. एवढ्या लोकांसमोर खुंटी आणि मज्जारज्जू कसे समजावणार? माझ्याकडे वेळच नव्हता. मी तिला म्हटलं, "मावशी, खाली बघू नका. माझ्याकडे बघा आणि सांगा. तुमच्या पायात चपला आहेत?"

"हायत की. नव्या हायत. किरणनं आनल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही गो. असं काय इचारतेस?"

समोरच्या बायकांनी आधी बघितलं. टाळ्या थांबल्या. मग किरणनं आपल्या आईच्या पायांकडे बघितलं. उजवा पाय उघडा होता. नवी चप्पल स्टेजच्या खालच्या पायरीवर उलटी पडली होती, तिथेच, जिथे त्यानं तिला हात देऊन वर घेतलं होतं. त्याला दिसलं नव्हतं आणि तिला कळलं नव्हतं.

"तिला पाय कळत नाहीये, किरण," मी म्हटलं. "कारण मानेत आहे. आणि हा माणूस तीच मान फिरवणार आहे."

किरण खाली उतरला. चप्पल उचलली, झटकली, वर येऊन आईच्या पायाशी बसला आणि पायात घातली. मग त्या माणसाला म्हणाला, "हात नाय लावायचा." माइक चालूच होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

आम्ही तसेच खारघरच्या डॉक्टरांना फोन करून निघालो. गळ्यात पट्टा, गाडी हळू. तिथल्या डॉक्टर मॅडमनी रविवार असूनही एक्स-रे करवून घेतला. पुढे मोठी तपासणी झाली आणि त्यांनी किरणला चित्रावर बोट ठेवून दाखवलं: हे कडं, ही खुंटी, आणि यांच्यात ही फट, जी इतकी असायला नको होती. किरणनं एकच विचारलं, "आनि झटका बसला असता तर?" मॅडम म्हणाल्या, "तर आज आपण इथं बसून बोलत नसतो." नंतर मुंबईत ऑपरेशन झालं. वरची दोन्ही हाडं एकमेकांना जोडून टाकली. आमवाताची खरी औषधं सुरू झाली, जी तिला तिची बोटं पहिल्यांदा सुजली तेव्हाच मिळायला हवी होती. तेव्हा कोणी सांगितलं नाही. प्रत्येकानं सांगितलं, वात आहे, चालायचंच.

सरांनी मला दुसऱ्या दिवसापासून यायची गरज नाही म्हणून कळवलं. आता मी घरोघरी जाऊन काम करते. तो माणूस पुढच्या गावात शिबिर घेतोय, फलक बघितला मी. फक्त वाढदिवस दुसऱ्या नेत्याचा आहे.

सखूला मात्र मीच जाऊन सांगितलं. ती विळीवर मासळी कापत होती. ऐकून तिनं हात थांबवले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "मी रोज ओढायचे गो तिची मान. रोज." तिला मी काय सांगणार? तिचा काही दोष नाही. बाजारात डॉक्टर मासळी घ्यायला येतात, शिकलेली माणसं येतात, मावशीच्या वाकड्या बोटांतून मासळीची पिशवी घेतात. त्यातल्या एकानंही कधी म्हटलं नाही की, बाई, या बोटांचा आजार मानेत जातो, मान सांभाळा. या गप्प बसण्याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

मावशी आता पुन्हा बाजारात बसते. चाल सुधारली, चप्पल पायात राहते. बोटांची जाणीव पूर्ण आली नाही, येणारही नाही. आम्ही उशिरा पोहोचलो. कोलंबी सखू सोलून देते. टोपली डोक्यावर घ्यायला कायमची बंदी आहे. आणि हाडं जोडल्यामुळे मान डावी-उजवीकडे फारशी वळत नाही. म्हणजे गिऱ्हाईकानं फारच कमी भाव मागितला तर मान हलवून नकार देता येत नाही. मी गेले होते तेव्हा एक बाई पापलेटांसाठी हुज्जत घालत होती. मावशी ताठ बसून समोर बघत होती. बाईला वाटलं, पटलं हिला. तिनं पिशवी पुढे केली.

"नाय," मावशी म्हणाली.

बाई दचकली. माझ्याकडे बघून मावशी हसली. "नाय बोलाया मान कशाला लागते गो? तोंड हाय ना."

आता माझी मागणी. तुमच्या घरात कोणाची बोटं किंवा मनगटं सुजलेली, वाकडी झालेली असतील, सकाळी हात आखडत असतील, तर आज त्यांना चालताना बघा. हा अंक खाली ठेवा आणि बघा. चप्पल निसटते का? बटण लावताना, करंजीची कडा दुमडताना बोटं अडखळतात का? पाऊल घासतं का? खाली बघितल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं का, ते विचारा. यातलं एकही असेल, तर सांधेविकाराच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे लगेच न्या, दिवाळी संपायची वाट बघू नका. आणि असं काही नसलं तरी, डॉक्टरांनी ती मान तपासून एक्स-रे बघेपर्यंत सलूनवाला असो, शिबिरवाला असो, मायेची शेजारीण असो की माझ्याच धंद्यातली कोणी असो, त्या मानेला झटका द्यायला कोणी हात पुढे केला, तर मध्ये उभे राहा आणि नाही म्हणा. मोठ्यानं म्हणा. चार माणसांत म्हणा.